गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त

हजर: सात. गैरहजर: एक,
जो आता येणार नाही, पण त्याचं नाव
यादीतून खोडायला माझं पेन दोन वर्षं धजावलेलं नाही.
डग्लस टुलक, सदस्य क्रमांक चार.

जागा: जुनी लोकर-शेड, साउथलंडच्या पार तळाशी,
जिथून पुढे फक्त समुद्र आणि त्यापुढे बर्फ.
दक्षिणेचा वारा पत्र्याच्या फटीतून येतो
आणि वर्गणी न भरता सभेला बसतो.

विषय पहिला: मळणीयंत्राचा पट्टा उंदरांनी खाल्ला.
विषय दुसरा: उंदीर. चर्चा लांबली.
विषय तिसरा: थकलेली वर्गणी. चर्चा झाली नाही.

विषय चौथा डग्लसचं इंजिन.
एकोणीसशे तेविसातलं, एका सिलिंडरचं,
दोन्ही अंगांना कमरेएवढी चाकं,
जिथे जिथे हात लागले तिथला हिरवा रंग उडालेला.
आधी त्याच्या बापानं, मग त्यानं
ह्याच्यावर मेंढ्या भादरल्या, वीज आली तरी.
तो असताना एका झटक्यात बोलायचं.
तो गेला आणि ह्यानं मौन धरलं.

आम्ही काय नाही केलं.
हेमीनं मॅग्नेटो सोडवून नवी तार गुंडाळली,
बायकोच्या जेवणाच्या टेबलावर, सलग तीन रविवार.
लेस्टरनं झडपा घासल्या, दाढी करता यावी इतक्या.
ॲलिस्टरनं पेट्रोल बदललं, वंगण बदललं,
शेवटी शिव्या बदलून पाहिल्या.
ठिणगी पडत होती. हवा जात होती.
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, कळेना.
सात माणसं, वयांची बेरीज पाचशे एकोणीस,
एका लोखंडापुढे
गृहपाठ विसरलेल्या पोरांसारखी उभी.

सात वाजून दहा मिनिटांनी नायरी टुलक आली.
ती आत कधी येत नाही. यायची ती दारापर्यंत,
स्कोनचा डबा ठेवून माघारी.
आज डबा नव्हता. चहाच्या फडक्यात काहीतरी होतं
आणि ती ते ह्या हातातून त्या हातात करत होती.
उघडलं तर स्पार्क प्लग.

"ओव्हनमधून काढून गाडी हाकत आणलाय.
लावा पटकन, गार होईल."

कुणी हललं नाही. मग ती जरा चिडलीच.
"रोज सकाळी आणून ठेवायचा माझ्या पावाशेजारी.
थंडीत ह्याला दव धरतं म्हणायचा.
तुम्हाला कशाला सांगेल?
तुम्हाला वाटत होतं, त्याच्या हाताला गुण आहे."

हेमीनं प्लग आवळला.
तिनं बाही वर केली, हवेच्या तोंडावर तळवा दाबला,
दुसऱ्या हातानं चाक मागे रेटलं, उलटं,
दाब लागेपर्यंत,
आणि सोडून दिलं.

थड्.

मग काही नाही. चाकं नुसती फिरतात,
हुश्श, हुश्श, हुश्श, हुश्श,

थड्.

ह्या जातीचं इंजिन असंच. वेग पुरेसा असेल तर ठोका गाळतं,
मंदावलं की एक देतं. लागेल तेवढंच जळतं.
नवख्याला वाटतं, पडलं बंद.

नायरीचे ओठ हलत होते. मोजत होती.
"एकही गाळला नाही, तर खाली मेंढा आहे.
दोन-तीन गाळले तर वर्षाची कोकरं.
आठ-नऊ गाळले, म्हणजे मशीन खाली ठेवलं,
मी ओट्यावर किटली चढवायची.
साठ वर्षांत त्यानं मला हाक मारलेली आठवत नाही."

थोडा वेळ ऐकत राहिली.
"अकरा," ती म्हणाली. "अकरा गाळतंय.
इथे कुणीच काम करत नाहीये."

ठराव: सदस्य क्रमांक चार कायम राहावा,
आडनाव तेच, नाव तेवढं बदलावं.
सूचक हेमी. अनुमोदक बाकी सगळे, एकदम.
नायरी टुलक यांचा विरोध,
गुरुवारी त्यांचा पत्त्यांचा डाव असतो.
विरोध नोंदवला आहे.

सभा संपल्याची वेळ नोंदलेली नाही.
इंजिन कुणी बंद केलं नाही.
उंदरांचा विषय पुढच्या गुरुवारी.