इतर

मे महिना. गणनेचं काम. शाळेची छत्री,
तिची एक काडी दर वळणावर माझ्या कानात.
मोर्शीकडच्या त्या गावात संत्र्याची झाडं
पाण्याविना उभी. डांबर चपलेला चिकटतं.

घर क्रमांक एकोणतीस. लोकेश ठाकरे, वय सव्वीस, मोबाईल दुरुस्ती.
कुटुंबातील एकूण व्यक्ती : एक.
धर्म?
तो म्हणाला, सेतियन.
मी म्हटलं, स्पेलिंग सांग.

भिंतीवर कोळशाने काढलेलं एक तोंड,
ना कुत्रं, ना गाढव,
कान वर उभे, टोकाला चौकोनी, कोणी कात्रीने छाटल्यासारखे.
मिसरचा आहे मॅडम, जुना. वाळवंटाचा, वादळाचा, परक्यांचा.
काळ्या मातीत हा कसा आला रे?
तो हसला. नेटवर भेटला, म्हणाला,
माय गेली त्या साली.

एवढ्यात समोरचे उकंडराव आले, चष्म्याला दोरी बांधलेले,
महानुभाव माणूस, रिद्धपूरची वाट पाठ असलेला.
काहून बे, एकच देव का तुहा?
एकच मानतो. बाकीचे आहेत, काका,
पण ते झाडापानाचे, ऋतूंचे, उगवून मावळणारे.
हा त्या फेऱ्यातून बाहेर पडलेला. यानेच माणसाला 'मी' दिला.
मंग हात जोडते का त्याले?
नाही. कोणापुढेच वाकत नाही. होत जायचं, बस.

उकंडराव ओट्यावर टेकले.
आमचंही तसंच हाय थोडं.
देवता लय हायेत, नाही कोन म्हन्ते?
पन हात एकालेच जोडाचे.
आता तू तं जोडतच नाही.
मंग एक तरी कायले पायजे तुले? शून्यावर भागलं असतं.

लोकेश स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला.
उघड्या फोनच्या पोटात
डाळीएवढा दिवा लागला, विझला.
शून्याशी बोलता येत नाही, काका.

माझा पेन रकान्यावर थांबलेला.
एक मानतो, बाकीचे नाकारत नाही, भजत कोणालाच नाही.
याला काय म्हणायचं ते सूचना-पुस्तिकेत नव्हतं,
आणि दुपारचा दीड वाजला होता.
मी लिहिलं : इतर.
मग वाटलं, इतर म्हणजे कोणापासून?

बाहेर पडताना उकंडराव हळूच म्हणाले,
पोराचा देव एक नाही, बाई, एकटा हाय.
तेवढं लिहून घ्या.
तेवढ्यासाठी जागा नव्हती.
त्यांचा रकाना मात्र मी न विचारताच भरला होता,
सकाळी, घाईत.
ते आठवलं आणि छत्री जरा खाली ओढली.

घर क्रमांक तीस. दार उघडं, चूल विझत आलेली.
धर्म काय लिहू, कांताबाई?
त्यांना नीट ऐकू येत नाही.
देव? किती हायेत ते इचारता का?
थांबा, मोजून सांगते.
आणि त्या आत गेल्या.

टाक एकमेकांवर वाजत होते.
एक, दोन, मग काहीतरी घरंगळलं,
मग पुन्हा पहिल्यापासून.
मी उंबऱ्याशी पेन उघडा धरून उभी.
बराच वेळ झाला,
त्या काही बाहेर येईनात.