पॅटर्न

रूळ कोल्हापुरातच संपतात.
शेवटी एक आडवं लाकूड, पुढं घाणेरीचं रान,
आणि लांब, धुरकट, आमचा डोंगर.
गाडी वर कधी आलीच नाही.
तरी गगनबावड्यातून माणसं गेली
ती गाडीनं नेल्यासारखी.

आधी हिरडा गेला, पोत्यांनी.
मग कोळसा. मग कोळसा पाडणारे.
मग दौलू सुतार, वाकस-किकरं बांधून.
जन्मभर बैलगाडीची चाकं केलेला माणूस
उद्यमनगरात इंजिनाच्या चाकाचे
लाकडी पॅटर्न करू लागला.

मी एकदा त्याची भाकरी घेऊन गेलो.
काळी वाळू ठोकून बसवलेली.
झोपलेल्या पोराखालनं हात काढावा
तसा त्यानं पॅटर्न उचलला.
म्हणाला, "बघ. लाकडाचं काम एवढंच.
आपल्या मापाची पोकळी ठेवायची
आन् बाजूला व्हायचं."
मग लोखंड ओतलं. बघवेना इतकं पिवळं.

त्याच साली इंजिन वर आलं,
ट्रकमधनं, पेंढ्यात गुंडाळून.
ओढ्यावर बसवलं. पुक् पुक् पुक्.
नाचणीच्या पट्टीत ऊस उभा राहिला.
पावण्यांना त्या आवाजानं झोप लागेना,
आम्हाला तो थांबला की जाग यायची.

दौलू परत आला नाही.
फणसाखाली त्याची जागा तेवढी आहे,
वाकस चालवून चालवून
भुई बशीसारखी खोल गेलेली.
पाणी साचतं. कोंबड्या पितात.
आई म्हणते, मुरूम टाकून भरून घे.

घेतो म्हणतो.