हातचा

सूर म्हटलं की आमच्याकडे पेटी आठवते.
इथे रंधा ऐकू येतो.
खाडीकाठी अजून एखादं गलबत उभं राहतं,
दोन-दोन वर्षं, खिळ्याखिळ्याने,
आणि त्याच्या मागच्या गल्लीत आमची शाळा,
तिसरी ब, मार्च, एसी खोकतोय.

एप्रिलमध्ये पटावर एकतीस होते.
आता सत्तावीस.
दोन सोहारला गेले, एक कोल्लमला,
एकाचं कुणालाच ठाऊक नाही,
त्याचा डबा कपाटावर आहे, झाकण घट्ट.

परीक्षा झाली, पेपर तपासून झाले.
आता शिकवायचं काही नाही, म्हणतात सगळे,
भिंतीवरचं उतरवून घ्या.
उतरवतोय.
जलचक्र : ढग कापसाचे,
पाऊस पट्टीने आखलेला, सरळ, समांतर,
कारण रीजोने तो अजून भिजून पाहिलेला नाही.
रास अल जिन्झच्या सहलीतलं कासव,
घाईत त्याला पाचवा पाय निघाला,
तो कुणी खोडू दिला नाही.
चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही येतो हाती.
मी पाहत नाही.

तरी अर्धा तास उरला.
फळ्यावर एकच वजाबाकी लिहिली,
चारशेतून सत्तावीस,
पेपरात अकरा जणांची चुकली होती.
मी शिकवते इंग्रजीत,
पण या गणितापाशी जीभ घरी जाते,
तोंडातून हातचाच निघतो,
आणि तो शब्द वर्गात एकीलाच कळतो :
अफ्शीन मुकादम, बाणकोटची, पहिला बाक.

शून्यातून सात जात नाहीत.
मग शेजाऱ्याकडे जायचं.
'शेजारीपण शून्य हाय, टीचर.'
मग त्याच्या शेजाऱ्याकडे.
'चाराकडं?'
चाराकडे.
चार एक देतो, तीन होतो,
मधलं शून्य क्षणभर दहा होतं,
श्रीमंती अंगी लागायच्या आत
एक पुढे सरकवून नऊ.

'आमच्या बिल्डिंगीत तसंच चालतं,' अफ्शीन म्हणाली.
पाच महिने पगार नाही, हे ती बोलली नाही,
ते मला फीच्या यादीवरून ठाऊक.
'अब्बा दुसऱ्या माळ्यावर मागतात,
दुसरा माळा चौथ्यावर.'
मग जरा थांबून :
'पण टीचर, हातचा परत कधी देतात?'

बावीस वर्षं शिकवतेय.
कुणी विचारलं नव्हतं.
अशा वेळी घंटा होते, असं गोष्टींत असतं.
झाली नाही.
'तीनशे त्र्याहत्तर,' मी म्हटलं, 'लिहून घ्या.'
वह्या तर सोमवारीच जमा झाल्या होत्या.
मुलांनी तळहातावर लिहिलं.

सुटताना गलबताचा प्रश्न आला,
थर्मोकोलचं, तिसरी ब-ने मिळून केलेलं,
शीड कुणाच्या तरी ओढणीचं.
बसच्या दारातून आडवं जाईना, उभं जाईना.
खमीस ड्रायव्हर उतरला, दाढी खाजवत त्याने
चहूबाजूंनी पाहिलं,
(त्याचा आजा खरी बांधायचा म्हणे)
आणि डोलकाठी काढून काखेत धरली,
बाकीचं सुखाने आत गेलं.
शेवटच्या सीटवर सहा जण अंग चोरून बसले,
त्याला जागा हवी म्हणून.

आता वर्ग रिकामा आहे
आणि माझ्यापुढे सत्तावीस प्रगतिपुस्तकं.
शेऱ्याची चौकट एवढीशी, आगपेटीएवढी.
हस्ताक्षर सुधारावे. बोलणे कमी करावे.
अफ्शीनच्या चौकटीत लिहिलं :
प्रश्न विचारते. उत्तर मला आलं नाही.
दुसरं वाक्य मग खोडलं,
प्रिन्सिपलची सही व्हायची असते.

खोडलेलं नीट वाचता येतंय.
राहू दिलं.