बिब्ब्याची खूण

सीबच्या कार्गो टर्मिनलवर खोका अडकला
कारण खोक्यावर लिहिलं होतं : मानवी.

बाहेर सत्तेचाळीस डिग्री. आत कोरडा बर्फ
तासातासाला हलका होत चाललेला,
आणि मुखलेस, आमचा सिल्हेटचा ड्रायव्हर,
दर दहा मिनिटांनी फोनवर :
दीदी, अजून धूर येतोय.
धूर येतोय तोवर ठीक, मी म्हणायचे.

शेवटी मीच गेले.
काउंटरवर खमीस अल-बलूशी, कुम्मा किंचित तिरका,
हिंदी माझ्याहून साफ.
कोणाचं आहे?
कोणाचंच नाही.
मानवी म्हणजे कुणा माणसाचं असणारच ना.
बाईचं की बाप्याचं? जिवंत आहे का तो?
घरच्यांची सही कुठाय?

मी सांगत गेले,
की माणसाच्या पेशीतली एक ओळ फक्त
कुणीतरी कधीतरी उतरवून घेतली,
ती जिवाणूच्या पोटात ठेवली,
आणि तो सदतीस डिग्रीत रात्रभर
स्वतःला ज्याचा काही उपयोग नाही ते
बनवत राहिला :
दुसऱ्यांच्या जखमा भरून आणणारं प्रोटीन.
सकाळी त्याला फोडून काढून घेतलं.

खमीसने कप खाली ठेवला. आणि तो?
कोण?
जिवाणू.
तो गेला, म्हटलं.
मुखलेस बाजूलाच उभा होता. काही बोलला नाही.

तिथे बापू आठवायचं काही कारण नव्हतं.
हिंगोलीत आमचं परटाचं घर.
भट्टीतल्या चारशे कपड्यांत कुठला सदरा कुणाचा
ते बापू कॉलर उलटून सांगायचे.
बिब्ब्याचे दोन ठिपके, खाली आडवी रेघ : स्टेशनमास्तर.
ओळीत तीन : तालमीजवळचे काझी.
उकळा, आपटा, उन्हात टाका,
कापड विरेल, खूण नाही.

आमच्या प्रोटीनलाही शेपटाशी खूण असते,
सहा हिस्टिडिन एकाला एक लागून.
सगळा घोळ वाहून जातो,
निकेलचे मणी तेवढं तिला धरून ठेवतात.
मग घडी. घडी चुकली
की तीच अक्षरं, तोच क्रम, आणि काही कामाचं नाही.
सूत सगळ्यांचं सारखंच गं, बापू म्हणायचे,
इस्त्रीवर पाणी शिंपडत.

साखरेने आधी त्यांचा अंगठा नेला, मग पाऊल.
त्या वर्षी मी इथे अल खूदला
काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर
पिपेटच्या टोकाने ओरखडा काढायचा
आणि तो किती तासांत भरतो ते मोजायचं,
हे काम करत होते.
चोवीस तासांत भरायचा.
कुपीवर बारीक अक्षरं :
मानवी.
त्याखाली त्याहून बारीक : माणसावर वापरू नये.

खमीसने शिक्का मारला. मारण्याआधी
एका रकान्यात हाताने काहीतरी लिहिलं.
मला अरबी तेवढी येत नाही.
मुखलेसला कुराणापुरती येते, त्याने गाडीत
सिग्नलला थांबून अक्षर अक्षर लावलं :
ला... अहद.
मालक : कुणी नाही.

प्रयोगशाळेत कुपी फिरवून घेतली, मग उघडली.
तळाशी पांढरं काहीतरी,
वाटीत खळ वाळून राहावी इतकंच,
दहा मायक्रोग्रॅम.
पाणी घातलं. हलवलं नाही, फेस आला की घडी मोडते.
लहान लहान वाटे केले,
झाकणांवर तारीख टाकली, आद्याक्षरं,
मार्करचं टोक एका झाकणावर उगाच टेकून राहिलं
आणि एक ठिपका उमटला.

तेवढ्यात खालून फोन.
दीदी, रिकामा खोका मी नेऊ का?
कॅम्पवर पाणी थंड राहील.