सहा गुण

कुरोइवाच्या दुकानात जुने गेम
किमतीप्रमाणे नाही, खोक्यांच्या रंगाप्रमाणे लावलेले असतात.
निळे खिडकीशी, म्हणून विटलेले.
ओतारूत फेब्रुवारीत पाचच्या आधीच दिवे लागतात
आणि मी तिथे केरोसीनच्या शेगडीपाशी उभा राहतो,
काही घ्यायचं नसलं तरी.

त्या दिवशी नोझुएबाई आल्या.
हातमोजे दातांनी ओढून काढत म्हणाल्या,
"ज्यात मरावं लागत नाही, असा एखादा गेम आहे का?"

कुरोइवाने तीन ठेवले काउंटरवर.
तिसरा मी ओळखला, पाठीवरून माणूस ओळखावा तसा.
होडी, बेटं, दीपस्तंभांत तेल घालत फिरणारा म्हातारा.
नऊ वर्षांपूर्वी एका मासिकात मी त्याला
दहापैकी सहा गुण दिले होते.

कसे दिले, सांगतो.
गेम साठ तासांचा. माझ्याकडे गुरुवार होता, आणि अर्धा शुक्रवार.
शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
मी अकरा शितं चाखली. तिसऱ्या बंदरात
होडी बांधली आणि लिहायला बसलो.
पाच दिले तर संपादकाचा फोन येणार,
सात दिले तर मलाच पटणार नाही.
सहा म्हणजे कुणाशी भांडण नाही.
त्या आठवड्यात मुलीला कांजिण्या आल्या होत्या,
तेही त्या सहात कुठेतरी आहे.

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला.
पुतण्याने जपलेल्या मासिकाचं पान,
कडेला सोयासॉसचा डाग.
माझंच वाक्य त्या मोठ्याने वाचू लागल्या:
"असह्य संथ. वल्हं मारायचं बटण दाबा
आणि चहा करून या."
(हे लिहिलं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.)

"खरं आहे का हे?"
कुरोइवाला नाही, मला विचारलं;
शेगडीशी मीच होतो.

"संथ आहे, एवढं खरं."

"मग बरं," त्या म्हणाल्या,
"ह्यांचा उजवा हात नोव्हेंबरपासून
उशिरा ऐकतो."

"आणि हे सहा?"
"सहाचं मला काही सांगता येणार नाही."

अठराशे येन. नाणी मोजून दिली.
कुरोइवाने डिस्क दिव्याखाली तिरकी धरली,
ओरखडे पाहिले, पिशवीत टाकली.
एकच प्रत होती.

रात्री जुनी कात्रणं काढून बसलो.
संथ. पोरकट. फार एकटं वाटतं.
वाट अडवायला रोवलेले हे शब्द
कुणीकुणी पत्ता म्हणून वाचले असतील?
आणि ज्याला नऊ दिले, भरभरून,
त्या एका गेमचा शेवट सोडाच,
सुरुवातही आठवेना.

एप्रिलमध्ये त्या पोस्टात भेटल्या.
बाहेर रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता.
मी नमस्कारही धड न करता विचारलं,
"तिसऱ्या बंदरानंतर काय होतं?"

"गेलेच नाहीत अजून पुढे.
रोज संध्याकाळी होडी सोडतात,
धक्क्याला एक फेरी मारतात, परत बांधतात.
गाठ जमेपर्यंत जेवायची वेळ होते."

"आणि दिवे?"

"दोन लागलेत. पुढे मोठं वादळ आहे म्हणे,
पुतण्या सांगत होता." त्या हसल्या.
"आम्हाला काय घाई?"

मग त्यांचा नंबर पुकारला आणि त्या खिडकीकडे गेल्या,
पार्सल छातीशी धरून.

माझ्या हातात टोकन होतं. एकोणचाळीस.
किती पैकी, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.