मिरजेचं तिकीट

धुवायच्या पँटीत तिकिटं निघाली,
सगळी मिरजेची.
कॉलेज तर सांगलीत.

पास का काढत नाहीस?
खिडकीवर नाव सांगावं लागतं,
असं त्यानं कागदावर लिहून दिलं.

सत्त्वशील. बारशाला आत्यानं निवडलेलं.

वर्गात कुणी त्याची हजेरी रेकॉर्ड केली:
स, स, स...
आता ती क्लिप पोरांची रिंगटोन.
रात्री दोनलाही ग्रुपवर येते,
त्याच्या उशीखाली थरथरते.

त्याचा म सुटतो, स अडकतो.
म्हणून आष्ट्यापासून रोज
जास्तीचं भाडं, आणि डबा तसाच परत.

काल मीही बसले शेजारी.
कंडक्टर आला. माझ्या तोंडात आलेलं गाव
मी गिळलं.
"स..."
मागं कुणी खुदकलं.
कंडक्टर मशीनवर बोट ठेवून उभा.
तुंग गेलं, डिग्रज आलं,
तो उभाच.