जागल

पारव्याच्या पुढं, एसटी जिथून मागं वळते,
तिथल्या सोसायटीच्या गोदामात
बारदान्याच्या थप्पीमागं एक खोकं चालतं.
चार जीबी मेमरी. झाकण उन्हाळ्यापुरतं काढलेलं.

त्याच्यावरच सगळं:
दुधाच्या काट्याच्या नोंदी, शाळेचे धडे,
उपकेंद्राच्या फ्रीजचं तापमान, छपाईची रांग,
आणि नाव सांगितलं की पत्ता सांगणारा तो त्रेपन्न नंबरवाला,
जो कोणाला दिसत नाही,
पडला की मात्र अख्खं गाव म्हणतं, नेट गेलं.

आधी मी सगळ्यांनाच जागं ठेवलं होतं.
कोणी येत नव्हतं,
तरी बसून मेमरी खात होते,
पंगतीआधीच पत्रावळ धरून बसल्यासारखे.
एप्रिलात खोकं तापून दोनदा पडलं.
नव्याचं कोटेशन बघून मडावी सचिवांनी चष्मा पुसला.
"पाहा बाप्पा, याच्यातच जमते का काही."

तेव्हा आठवला पैकू आत्राम.
हरभऱ्याच्या दिवसांत चार वावरांची जागल
एकटा करायचा, एका माळ्यावरून.
"सगळेच जागले त सकायी सोंगनी कोन करन?"
डोळे मिटलेले, कान उघडे.
पाला खसखसला की सांगायचा: हे रोही. हे डुक्कर.
हा नुसता वारा.
नाल्याकडून आलं तर माझ्या बापाला हाक,
बाभळीकडून तर डोमाजीला.
बाकीचे घोंगडीत.
जनावर गेलं की उठलेलाही परत घोंगडीत.

मग खोक्यातही मी एकच जागता ठेवला.
पाच दारं, एक कान.
यादी लिहून दिली: ह्या दारावर टकटक झाली तर ह्याला उठव,
काम झालं की निजव.
धड्यांच्या दारात एका वेळी दहाच जण,
परीक्षेआधी पोरं तुटून पडतात.
त्रेपन्नवाल्याला तेवढं झोपवलं नाही.
ज्याला घडीघडी हाक, त्याला उठवण्यातच रात्र सरते;
तो माळ्यावरच, पैकूशेजारी.

आता मे. लाईट गेलेली, बॅटरीवर चाललंय.
मी पोत्यावर बसून नोंदी वाचते.
दोन चाळीस. फ्रीज, साडेपाच अंश. उठला, लिहिलं, झोपला.
तीन पाच. बावीस नंबरचं दार, अनोळखी पत्ता,
यादीत नाही. परत.
पैकूनं इथं डबा वाजवला असता.
मग बराच वेळ काही नाही,
नुसता वारा.
चार पन्नास. काटा. यमुना कुमरेची कॅन,
सहा लिटर दोनशे.

अडीच जीबी मोकळी.
माझ्या मांडीवर बारदान्याची वीण उमटली आहे.
किल्ली द्यायची तर पैकूच्या नातवाला
उठवावं लागेल.